रोवणीभर न निसटणारी अंबाड्याची पिन कशी करावी?

पळसफूल | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी पवनी तालुक्यातली. घरचं दोन एकर धान आहे, आणि रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत आम्ही बारा-पंधरा जणी गटानं दुसऱ्यांच्या बांधीतही (धानाच्या शेतातही) जातो.

माझ्या सासूबाईंचे केस साठीतही कमरेखाली आहेत. सकाळी निघताना घट्ट अंबाडा घालतात, त्यात तीन आकडे, म्हणजे दोन पायांच्या तारेच्या पिना. रोवताना माणूस वाकलेलं असतं, डोकं खाली लोंबतं. अंबाड्याचं सगळं वजन मानेवरून पुढं यायला बघतं. तासाभरात पहिला आकडा मागे सरकतो, मग दुसरा, आणि मग केसांचा लोंढा तोंडावर. हात कोपरापर्यंत चिखलात, सावरणार कशानं? त्या मनगटानं ढकलतात, मग खांद्यानं. संध्याकाळी केसांत वाळलेला चिखल विंचरून काढायला मला अर्धा तास लागतो.

मागच्या वर्षी असाच निसटलेला आकडा बांधीत पडला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच टाचेत शिरला. टाच सुजली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तीन दिवसांची मजुरी बुडाली. तेव्हा ठरवलं, ही पिन आपणच करायची.

नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे पक्कड, कानस, शिकंजा घरातच. पहिली पिन बांधकामाच्या बाइंडिंग तारेची केली. केसांत घातली की वाकते, आणि वाकली की वाकलेलीच राहते. उपयोग शून्य.

मला हवी ती पिन सकाळी सातला लावली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात न लावता टिकली पाहिजे. तिच्यावर पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा भारा घेता आला पाहिजे, डोक्यात टोचायला नको, पाण्यानं गंजायला नको. आणि पडलीच तर पायात शिरायला नको. कोणी असं काही केलंय का? तार कोणती घ्यावी, आकार कसा द्यावा?

---

वऱ्हाडी ठेचा | १२ जून, रात्री १०:०५

ताई, एवढं डोकं कायले लावून राह्यली? दहा-वीस रुपयाचं क्लचर घे अन् लाव. माही बायको कापूस वेचाले तेच लावून जाते. आजवर काही निसटलं नाही.

---

पळसफूल | १२ जून, रात्री १०:३०

दादा, वेचणीला बाई उभी असते, फार तर कमरेत थोडी वाकते. रोवणीला डोकं पार गुडघ्यांपर्यंत खाली जातं. शिवाय क्लचरवर भारा बसत नाही, दाते डोक्यात रुततात. उन्हानं प्लॅस्टिक कडक होऊन दाताही तुटतो. आमच्या घरी दोन क्लचर असेच गेले.

---

निंबोणी | १३ जून, सकाळी ७:१५

माझं मत थोडं वेगळं आहे. पिन बदलून काही होणार नाही, लावायची रीत बदला. माझी आजी आयुष्यभर दोनच आकड्यांवर राहिली. बहुतेक जणी आकडा अंबाड्यात सरळ खुपसतात. तो फक्त अंबाड्याचे केस धरतो, डोक्याचे धरतच नाही. अंबाडा हलला की आकडा त्याच्यासोबत हलणारच.

आजीची रीत अशी. आकड्याची टोकं आधी बाहेरच्या बाजूला करायची, अंबाड्याच्या कडेचे थोडे केस त्यात उचलायचे. मग टोकं डोक्याला टेकवून आकडा पूर्ण उलटा फिरवायचा आणि डोक्याला घासून अंबाड्याच्या मध्याकडे दाबत न्यायचा. फिरवताना तो डोक्यालगतचे केसही उचलतो. अंबाडा आणि डोकं एकाच तारेत शिवल्यासारखं होतं. नीट बसला तर बोटानं ओढल्यावर डोक्याची कातडी ओढली गेल्यासारखी वाटते. तसं वाटलं नाही तर काढून पुन्हा लावा.

---

शिकेकाई | १३ जून, सकाळी ८:५०

निंबोणीताईंची रीत बरोबर आहे, आणि ती का टिकते तेही सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते.

बैलाचं दावं खुंट्याला नुसतं टेकवून धरलं तर बैल ते हिसकून नेईल. तेच दावं दोन वेढे देऊन धरलं तर एका हातानंही बैल थोपवता येतो. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण बेरजेनं वाढत नाही, पटीनं वाढतं. केस पिनेवरून एकदा वर, एकदा खाली असे गेले की तोच खेळ सुरू होतो. म्हणून आकड्याच्या पायांना मध्ये नागमोडी लाट असते. ती शोभेची नाही. केस त्या खळग्यांत बसतात आणि पिन मागे यायची तर त्यांना प्रत्येक वळणावरून चढून जावं लागतं.

काळ्या पिनेचंही तसंच. तिचा एक पाय सरळ, एक लाटेचा. लाटेचा पाय डोक्याकडे ठेवायचा असतो, आपण उलटा लावतो. आणि ती दातानं फाकवू नका. एकदा जास्त फाकली की तिची चिमट गेली.

तेलाबद्दलही बोलायला हवं. भरपूर तेल लावलं की केस घसरतात. नुकते धुतलेले केसही घसरतात. रोवणीच्या दिवसांत आदल्या रात्री तेल लावा, सकाळी निघताना नको.

---

मोहाचं झाड | १३ जून, सकाळी ९:२०

आमच्या घरात आकडा केसांतून निसटायच्या आधीच गायब होतो. पायजम्याची नाडी ओवायला आकडा, कुकरच्या शिटीचं भोक साफ करायला आकडा, पोराच्या सायकलच्या व्हॉल्वलाही आकडा. पळसफूलताई, मजबूत केलात तर तो घरात उरणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

---

तारकाम | १३ जून, दुपारी २:१०

मी हिंगणघाटकडे लेथवर काम करतो. ताई, तुमचं उत्तर तुमच्या दुकानातच आहे. सायकलचे आरे.

बाइंडिंग तार मऊ असते, तिला मुद्दाम भाजून मऊ केलेलं असतं, कारण ती पिळायची असते. आऱ्याची तार थंडच ओढून बारीक केलेली असते, त्यानं ती कडक होते आणि वाकवल्यावर परत यायला बघते. जाडी साधारण २ मिलिमीटर. स्टेनलेसचे आरे मिळाले तर गंजाचा प्रश्नच नाही. साध्या आऱ्यावर जस्ताचा मुलामा असतो, कानस लागेल तिथं तो जातो, मग तिथून गंज धरतो.

दोन गोष्टी सांभाळा. एक, आरा तापवू नका. लाल केला की त्याची सगळी स्प्रिंग गेली, तो बाइंडिंग तारेसारखा होईल. दोन, एकदम काटकोनात मोडू नका, चीर पडते. दहा-बारा मिलिमीटरच्या सळईवर गोल वाकवा. तार सोडली की थोडी उघडते, म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्त वाकवायची.

---

पळसफूल | १४ जून, रात्री ९:१५

तारकामदादा, तुमचा निरोप वाचायच्या आधीच यांनी चुलीत आरा लाल करून वाकवला होता. वाकला झकास, पण दाबला की दाबलेलाच. आता कळलं का ते.

आज थंडच वाकवला. आमच्या मोठ्या चाकाच्या सायकलचा आरा साधारण ३० सेंटिमीटरचा. डोकं आणि आट्यांचा भाग कापून दोन तुकडे केले, एका आऱ्यात दोन आकडे. लाट द्यायला लाकडी फळीवर तीन खिळे ठोकले, मधला खिळा थोडा वर. त्यांच्यामधून तार ओढली की आपोआप नागमोडी होते.

सासूबाईंनी लावून अंगण झाडलं, विहिरीवर जाऊन आल्या. टिकला. पण त्यांच्या दाट केसांत पाय अंबाड्याच्या मध्यापर्यंत पोचतच नाहीत, साडेपाच सेंटिमीटरच उरलेत. उद्या लांब करून बघते.

---

मेळघाटी | १५ जून, सकाळी ६:४५

धातूच कशाला? आमच्या धारणीकडे बांबूचं काम चालतं, मी स्वतः करतो. मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याची अंबाड्याची काडी छान होते. काप पाठीकडचा, म्हणजे हिरव्या सालीजवळचा घ्यायचा, तिथं धागे दाट असतात. काडीच्या वरच्या टोकाला पेराची गाठ ठेवली तर वेगळी मूठ लागत नाही. बांबू तीन वर्षांच्या पुढचा, हिवाळ्यात तोडलेला हवा. कोवळ्यात आणि पावसाळी बांबूत पिठूळ अंश जास्त, त्याला भुंगा लागतो.

आणि तेल जवसाचं. जवसाचं तेल हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं, तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तसंच चिकट राहतं. कापडानं पातळ लावायचं, दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, पुन्हा लावायचं.

मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायांना विचारा. ऊन ४५ अंशांवर गेलं की डोक्यातली लोखंडी पिन चटका देते. बांबू देत नाही. नकली दागिन्यानं ज्यांना खाज सुटते त्यांनाही बांबूच बरा.

---

निंबोणी | १५ जून, सकाळी ८:००

मेळघाटीदादा, उन्हाळ्यासाठी मान्य. पण एक काडी म्हणजे एकच पाय. तिच्याभोवती अंबाडा फिरू शकतो. दोन पायांचा आकडा फिरत नाही. वाकून काम करणाऱ्या बाईला दोन पायच हवेत.

---

मेळघाटी | १५ जून, सकाळी ११:३०

हे खरं आहे. बांबूचा दोन पायांचा काटाही होतो, पण पायांच्या बेचक्यात तो चिरतो. तिथं दोऱ्याचा आवळ द्यावा लागतो.

---

रानवाट | १६ जून, संध्याकाळी ६:२०

एक शंका. पावसात डोक्यात लोखंड घालून बांधीत उभं राहणं बरं आहे का? आमच्याकडे म्हणतात वीज ओढते.

---

शिकेकाई | १६ जून, रात्री ८:००

एवढ्याशा पिनेनं वीज ओढली जात नाही. मोकळ्या बांधीत सगळ्यांत उंच तुम्ही असता, धोका त्याचा आहे. पिन काढून ठेवली म्हणून धोका कमी होत नाही, आणि ती काढत बसण्यात वेळ जाणं वाईट. गडगडाट ऐकू आला की काम सोडा, पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. गटातल्या एकीच्या तरी फोनमध्ये ते असू द्या. हे मी कळकळीनं सांगते.

---

कपाशी | १७ जून, सकाळी १०:१०

मी बरीच वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात काम केलंय, म्हणून वऱ्हाडी ठेचादादांसाठी मुद्दाम लिहिते. वेचणीला पिन निसटत नाही असं नाही, निसटलेली कळत नाही. ती गाठोड्यात जाते, गाठोड्यातून गाडीत, गाडीतून जिनिंगला. लोखंडाचा तुकडा रोलर आणि पात्याच्या मध्ये आला की ठिणगी उडते. कापसाच्या ढिगाजवळ ठिणगी म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. जिथं लोहचुंबक बसवलंय तिथं लोखंड अडतं तरी, प्लॅस्टिकचं क्लचर तर अडतही नाही, फुटून रुईत मिसळतं. आणि केसांचं म्हणाल तर माणसाचा केस हासुद्धा कापसात कचराच धरतात. म्हणून वेचताना डोक्याला सुती कापड बांधा असं सांगतात.

तर पिन न पडणं हे रोवणीपुरतं नाही. पळसफूलताईंनी जे आरंभलंय ते आम्हा कापूसवाल्यांच्याही कामाचं आहे.

---

वऱ्हाडी ठेचा | १७ जून, दुपारी १२:४०

हे मले मालूम नव्हतं. कपाशीताई, सांगितलं ते बरं केलं. आता सीतादहीच्या, म्हंजे पह्यल्या वेचणीच्या पूजेच्या आधीच बायकोले सांगतो, डोक्याले दुपट्टा बांधूनच वेचाले जाय म्हणून.

---

कुसळ | १८ जून, रात्री ९:०५

मला एक सुचतंय. गवताचं कुसळ कपड्यात शिरतं पण मागे येत नाही, कारण त्याला उलटे बारीक काटे असतात. पिनेच्या पायांना कानशीनं तशा उलट्या खाचा पाडल्या तर?

---

शिकेकाई | १८ जून, रात्री ९:४०

नको हो. खाच केस धरेल, पण काढताना तोडेल. केसावरच मुळाकडून टोकाकडे जाणारे बारीक खवले असतात. ज्वारीच्या पानाच्या कडेवरून बोट एका बाजूनं सरळ जातं आणि उलट्या बाजूनं खरखरतं, तसं. खाच त्या खवल्यांत अडकली की केस तिथंच फाटतो. पिनेचा पृष्ठभाग गुळगुळीतच हवा. धरण्याचं काम आकारानं करायचं.

---

तारकाम | १९ जून, दुपारी १:३०

शिकेकाईताईंशी सहमत. खाचेमुळे तारही तिथंच तुटेल.

माझ्याकडून एक वेगळा नमुना. बारा मिलिमीटरच्या सळईवर आरा गुंडाळून स्क्रूसारखी पिन केली. अंबाड्यात फिरवत आत घालायची, एक वरून, एक खालून. ओढून निघत नाही, उलटी फिरवूनच काढावी लागते. माझ्या बहिणीनं लावली, दिवसभर हलली नाही. पण तिचा निरोप असा, की घाईत कोणी सरळ ओढली तर केसांसकट येईल. शिवाय तिच्यावर भारा ठेवता येत नाही, ती जाड असते.

---

पळसफूल | १९ जून, रात्री १०:००

स्क्रूचा नमुना मीही केला, घरात बसून कामाला उत्तम आहे. पण भारा घेणारीला आकडाच चपटा बसतो.

आता आकडा १८ सेंटिमीटर तारेचा करते. एका आऱ्यात एकच निघतो, पण पाय साडेसात सेंटिमीटरचे मिळतात. अजून दोन बदल केले. पायांची टोकं किंचित आत, एकमेकांकडे झुकवली. केसांत जाताना ती फाकतात आणि परत जवळ यायला बघतात, त्यानंच धरतात. आणि वरचं वळण थोडं बाजूला मुडपलं, म्हणजे ते डोक्यावर आडवं निजतं, वर उभं राहत नाही.

टोकांवर मात्र सगळ्यांत जास्त वेळ गेला. कानशीनं गोल केली, मग पॉलिश पेपर. आपल्याला बोटाला गुळगुळीत वाटतं ते खरं नसतं. जुनी नायलॉनची साडी ताणून धरायची आणि टोक तिच्यावरून ओढायचं. एक जरी धागा उसवला तरी पुन्हा पेपर. चौथ्या वेळी माझी साडी शाबूत राहिली. टोक एवढं बोथट केल्यावर ते पायातही सहज शिरणार नाही.

पडल्यावर दिसावी म्हणून वळणाला लाल दोरा गुंडाळावा म्हणते.

---

कपाशी | २० जून, सकाळी ७:५०

दोरा नको ताई. रंगीत दोरा कापसात गेला तर तोही कचराच. त्यापेक्षा वळणाला लाल ऑइलपेंट द्या.

---

पळसफूल | २० जून, सकाळी ८:१५

बरोबर. पेंटच देते.

---

पळसफूल | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

मंडळी, रोवणी आटोपली. आमच्या गटातल्या अकरा जणींनी प्रत्येकी दोन आकडे लावले, निंबोणीताईंच्या आजीच्या रीतीनं, एक डावीकडून, एक उजवीकडून. पहिल्या दिवशी सकाळी बांधावर बसवून मीच सगळ्यांना लावून दिले. ओढल्यावर कातडी ओढली जाते का, हे प्रत्येकीला विचारून.

सासूबाईंचा अंबाडा पूर्ण दिवस टिकला. दुपारी जेवताना त्यांनी सवयीनं मान मागे टाकून केस सावरायला हात उचलला, आणि सावरायला काहीच नव्हतं. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग भाकरीकडे गेला. मला तेवढंच पाहायचं होतं.

दोघींचे निसटले. एकीचे केस विरळ आहेत, २ मिलिमीटरची तार तिच्या अंबाड्याला जड पडते. तिला आधी वेणी घालायला लावली आणि वेणीचा अंबाडा केला. वेणीच्या पेडांत आकडा अडकतो, मग टिकला. दुसरी डावखुरी. ती अंबाडा उलट्या बाजूनं पिळते, आणि मी आकडे पिळाच्याच दिशेनं घातले होते. अंबाडा ज्या बाजूनं पिळलाय त्याच्या विरुद्ध बाजूनं आकडा घातला पाहिजे, हे मला तिच्यामुळे कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिचेही टिकले.

एक आकडा हरवला. लाल पेंटमुळे तो दुसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला सापडला.

---

निंबोणी | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

पिन बदलून काही होणार नाही असं मी म्हटलं होतं, ते मागे घेते. आजीच्या वेळी असा आकडा असता तर तिला एकच पुरला असता.

---

तारकाम | ४ ऑगस्ट, रात्री १०:२०

ताई, विरळ केसांसाठी १.६ मिलिमीटरची स्टेनलेस स्प्रिंग तार माझ्याकडे आहे. एक वेटोळं पाठवतो. पैसे नको, पण ती कशी टिकते ते इथं नक्की लिहा.

---

वऱ्हाडी ठेचा | ५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

पळसफूलताई, माह्या बायकोसाठी दोन आकडे ठेवजा. दसऱ्याच्या पुढं वेचणी सुरू होते, तवा लागन.

---

पळसफूल | ५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ठेवते दादा. वहिनींचे केस दाट आहेत की विरळ, आणि अंबाडा कोणत्या बाजूनं पिळतात, एवढं विचारून कळवा.